जशास तसे?
स्पॅम पाठवणाऱ्यांशी लढताना



आपल्या ई-मेलची पेटी उघडावी तर त्यात ओळखीच्यांची चार पत्रे आणि अनोळखी लोकांची चाळीस! कोणी सांगतो, तुम्हांला परदेशात लॉटरी लागली. कोणी आखातात किंवा जहाजावर नोकरी देऊ करतो, फक्त आधी थोडी रक्कम भरायची. कोणी बँकेच्या नावाने धमकावतो की आजच माहिती दिली नाही तर खाते बंद. न मागता, घाऊक प्रमाणात धाडलेल्या अशा टपालाला 'स्पॅम' म्हणतात. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत संगणक विकणाऱ्या एका कंपनीच्या माणसाने सुमारे ४०० जणांना एकाच वेळी जाहिरात पाठवली. या प्रकाराचा तो पहिला नमुना मानला जातो. तेव्हाही लोक चिडले होते. आज तर या टपालामागे जाहिरातीपेक्षा फसवणूकच अधिक असते आणि तिला बळी पडतात ते बहुधा भोळे, गरजू आणि वयस्क लोक.

म्हणूनच हे पाठवणाऱ्यांविषयी आपल्याला संताप येतो. तो येणे गैर नाही. अन्याय पाहून ज्याला काहीच वाटत नाही, त्याचे मन निरोगी आहे असे म्हणता येणार नाही. परंतु संतापाच्या पाठोपाठ एक विचार येतो आणि तो तपासून पाहिला पाहिजे. संगणकात तरबेज असलेले आपले काही तरुण म्हणतात, "यांना यांच्याच भाषेत उत्तर द्यावे. ज्या संकेतस्थळावरून हे लोक धंदा करतात, त्यावर हजारो संगणकांनी एकदम धडक मारावी आणि ते बंद पाडावे. चोराच्या घरी चोरी केली तर पाप कसले?"

प्रश्न सरळ आहे, म्हणून त्याला उत्तरही सरळ द्यायला हवे. स्पॅम पाठवणाऱ्यावर असा हल्ला करणे ख्रिस्ती माणसाला शोभते काय? त्याने काय साधते आणि त्याची किंमत कोण मोजतो?

बाण कोणाला लागतो?

आधी हा हल्ला कसा होतो ते समजून घेऊ. प्रत्येक संकेतस्थळ कोणत्या तरी मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर ठेवलेले असते. आपण ते पाहायला गेलो की आपला संगणक त्या सर्व्हरकडे मागणी करतो आणि तो ती पुरवतो. एकाच वेळी प्रमाणाबाहेर मागण्या आल्या की सर्व्हर गुदमरतो आणि खऱ्या ग्राहकालाही उत्तर देऊ शकत नाही. बाजारातील एका लबाड दुकानदाराला धडा शिकवायचा म्हणून पाचशे माणसे त्याच्या दारात नेऊन उभी करावीत, तसेच हे. त्याचे दुकान बंद पडेल खरे, पण गल्लीही बंद होईल. शेजारच्या औषधाच्या दुकानात जाणाऱ्या आजारी माणसाने काय करायचे? एकाच सर्व्हरवर चाळीतल्या बिऱ्हाडांप्रमाणे शेकडो संकेतस्थळे नांदत असतात. एका खोलीला लावलेली आग त्या खोलीपुरती राहत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. ई-मेलवर पाठवणाऱ्याचे जे नाव दिसते, ते खोटे घालणे फार सोपे असते. शिवाय हे टपाल बहुतेक वेळा चोराच्या संगणकावरून निघतच नाही. तो विषाणूच्या साहाय्याने जगभरच्या घरगुती संगणकांचा गुपचूप ताबा घेतो आणि त्यांच्याकरवी पत्रे पाठवतो. कोणा शिक्षिकेचा, कोणा विद्यार्थ्याचा, कदाचित आपलाच संगणक मालकाच्या नकळत त्या चोराची हमाली करत असतो. रागाच्या भरात सोडलेला बाण अशा वेळी कोणाला लागणार? आपल्याकडे म्हण आहे, चोर सोडून संन्याशाला सुळी.

ही केवळ कल्पना नाही. १९९७ च्या सुरुवातीला अमेरिकेतील एका संकेतस्थळाच्या चालकाने स्पॅम पाठवणाऱ्या एका ग्राहकाचे खाते बंद केले. म्हणजे त्याने योग्य तेच केले. सूड म्हणून त्या ग्राहकाने आणखी स्पॅम पाठवला, पण तो या चालकानेच पाठवला आहे असे भासवून. झाले! स्पॅमचे कट्टर विरोधक खवळून उठले आणि त्यांनी त्या निरपराध माणसाचे संकेतस्थळ हल्ला करून काही काळ बंद पाडले. स्पॅम रोखणाऱ्यालाच स्पॅमच्या शत्रूंनी झोडपले आणि खरा अपराधी मजा पाहत राहिला. सूडासाठी उतावीळ झालेला जमाव हे दुष्ट माणसाच्या हातातले फार सोयीचे हत्यार असते. त्याने फक्त बोट दाखवायचे असते.

दोन प्रयोग, एक धडा

'पण हे काम जबाबदार संस्थेने नीट आखून केले तर?' असे कोणी विचारील. तसेही करून पाहिले गेले आहे.

२००४ च्या नोव्हेंबरअखेरीस लायकॉस युरोप या कंपनीने 'मेक लव्ह नॉट स्पॅम' नावाचा एक स्क्रीनसेव्हर लोकांना फुकट दिला. आपला संगणक रिकामा असला की तो स्पॅममधून जाहिरात होणाऱ्या संकेतस्थळांकडे सतत मागण्या पाठवत राही. हेतू असा की त्यांचा वेग मंदावावा आणि खर्च वाढावा. 'आम्ही कोणाला पूर्ण बंद पाडणार नाही, थोडी वाट मोकळी ठेवू,' अशी कंपनीची ग्वाही होती. लाखभर लोकांनी तो उत्साहाने घेतला. परंतु काही दिवसांतच बाहेरच्या निरीक्षकांना यादीतील काही संकेतस्थळे पूर्ण बंद पडलेली आढळली. एका लक्ष्याने तर आपल्याकडे येणारा लोंढा परस्पर या मोहिमेच्याच संकेतस्थळाकडे वळवून दिला. चहूकडून टीका झाली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच मोहीम गुंडाळावी लागली. ज्यांनी आपला संगणक विश्वासाने या कामाला दिला, त्यांतील बहुतेकांना तो नेमका कोणाच्या दारावर धडका देत होता हे कधी कळलेही नसेल.

दुसरा प्रयोग इस्राएलमधील ब्ल्यू सिक्युरिटी या कंपनीचा. तिचे सुमारे पाच लाख सभासद होते. सभासदाला स्पॅम आला की त्याच्या वतीने त्या व्यापाऱ्याच्या संकेतस्थळावर 'माझे नाव यादीतून काढा' अशी एक मागणी आपोआप जाई. एका पत्राला एक तक्रार, त्याहून अधिक नाही. याला हल्ला म्हणता येणार नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. पण लाखो तक्रारी एकदम आल्या की समोरच्याचा श्वास कोंडणारच. मे २००६ मध्ये एका मोठ्या स्पॅम टोळीने प्रतिटोला हाणला. प्रथम तिने सभासदांचे पत्ते हुडकून काढले आणि त्यांना धमक्यांची पत्रे व पूर्वीपेक्षा कितीतरी पट अधिक स्पॅम पाठवला. मग ताब्यातील संगणकांची फौज कंपनीच्या संकेतस्थळावर सोडली. कंपनीने आपला पत्ता दुसऱ्या एका कंपनीच्या सर्व्हरवरील आपल्या पानाकडे वळवला. तो लोंढा तेथे कोसळला आणि ज्यांचा या भांडणाशी काही संबंध नव्हता अशा लाखो लोकांची लिखाणाची पाने कित्येक तास बंद पडली. दोन आठवड्यांतच ब्ल्यू सिक्युरिटीने काम थांबवले. वाढत जाणाऱ्या युद्धात इतरांचे नुकसान करण्याची जबाबदारी आपण घेऊ शकत नाही, असे तिच्या प्रमुखांनी सांगितले. हा निर्णय म्हणजे पराभव आहे, असे तेव्हा अनेकांना वाटले. आम्हांला मात्र त्यात प्रामाणिकपणा दिसतो.

या दोन्ही प्रयोगांतील माणसे वाईट नव्हती. त्यांचा राग खरा होता, हेतूही लोकांचे भले करण्याचा होता. तरी जखमा झाल्या त्या तिऱ्हाइतांना. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

शेताच्या धन्याचे उत्तर

उपासनावर्षाच्या 'अ' वर्षात, सामान्य काळाच्या सोळाव्या रविवारी, आपण गहू आणि निदण यांचा दाखला ऐकतो (मत्तय १३:२४-३०). माणसे झोपेत असताना वैरी येतो आणि गव्हात निदण पेरून जातो. पीक वर आल्यावर चाकरांच्या ते ध्यानात येते. ते धन्याला विचारतात की आम्ही जाऊन ते उपटून टाकू का? धनी नको म्हणतो. का? निदण चांगले आहे म्हणून नव्हे, वैऱ्याची त्याला भीती वाटते म्हणूनही नव्हे. निदण उपटताना त्याच्याबरोबर गहूही उपटला जाईल, एवढेच त्याचे कारण आहे.

आपल्यापैकी ज्यांनी शेतीवाडी केली आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. मुळे जमिनीखाली एकमेकांत गुंतलेली असतात. इंटरनेट हेही असेच एक शेत आहे. त्याची मुळे डोळ्यांना दिसत नाहीत, पण अपराधी आणि निरपराध, चोर आणि त्याने वापरलेला संगणक, लबाड दुकान आणि शेजारचे प्रामाणिक दुकान एकाच मातीत रुजलेले असतात. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याच दाखल्याचा विचार करताना म्हटले की, चांगल्यांना इजा केल्याशिवाय दुष्टांना शिक्षा करता येत नसेल, तर हात आवरावा, हीच प्रभूची आज्ञा आहे.

दाखल्यातील आणखी एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटू नये. निदणाचा निवाडा होणारच आहे. परंतु तो कापणीच्या वेळी, आणि तोही कापणी करणाऱ्यांच्या हातून. ज्या चाकरांना उपटायची घाई झाली होती, त्यांच्याकडे ते काम सोपवलेले नाही.

हा अधिकार कोणाचा?

स्वसंरक्षणाचा हक्क ख्रिस्तसभा नाकारत नाही. घरात शिरणाऱ्याला अडवणे, आपल्यावर अवलंबून असलेल्यांचा बचाव करणे हा हक्क आहे, कधी कधी ते कर्तव्यही असते. मात्र बचावाला लागते त्याहून अधिक बळ वापरू नये, अशी मर्यादा संत थॉमस घालतात. शिक्षा करणे ही निराळी गोष्ट. ते काम समाजाच्या भल्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्या अधिकाऱ्याचे. संत पौल रोमकरांस लिहिताना हे दोन्ही विचार एकापाठोपाठ मांडतात. बाराव्या अध्यायाच्या शेवटी ते सांगतात की सूड तुम्ही घेऊ नका, तो देवावर सोपवा. आणि तेराव्याच्या आरंभी ते म्हणतात की वाईट करणाऱ्याला दंड देण्यासाठी शासनाची नेमणूक आहे. सूड सोडणे म्हणजे न्याय सोडणे नव्हे. न्याय योग्य हाती देणे होय.

आपल्या देशाचा कायदाही हेच म्हणतो. खाजगी बचावाचा हक्क तो मान्य करतो, पण सरकारी यंत्रणेकडे दाद मागण्यास वेळ असेल तेथे तो हक्क चालत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ४३ नुसार दुसऱ्याच्या संगणकाचे काम परवानगीशिवाय बिघडवणे किंवा हक्काच्या वापरकर्त्यांची वाट अडवणे यासाठी नुकसानभरपाई द्यावी लागते. ते लबाडीने केले तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. 'आधी त्याने सुरुवात केली' ही सबब त्यात नाही. पालकांनी आपल्या मुलांना हे जरूर सांगावे. बंद खोलीत गंमत म्हणून केलेली एक गोष्ट त्यांच्या नोकरीच्या आणि परदेशप्रवासाच्या वाटा कायमच्या अडवू शकते.

एक प्रामाणिक आक्षेप

तरीही कोणी म्हणेल, "चोर परदेशात, कायदा मंद, पोलिसांकडे गेलो तर हेलपाटे. मग गरिबाने काय, फक्त सोसायचे? येशूने नाही का मंदिरात आसूड उगारला?"

हा आक्षेप हलका नाही. अन्यायापुढे गप्प बसण्याला पुष्कळदा आपणच क्षमा असे गोड नाव देतो. पण मंदिरातील तो प्रसंग नीट वाचू या (योहान २:१३-१६). येशू तेथे दिवसाढवळ्या, तोंड न लपवता उभा राहिला. आपल्या पित्याच्या घराविषयी बोलण्याचा त्याला अधिकार होता. त्याने चौरंग उलथले, नाणी उधळली, पण कबुतरे विकणाऱ्यांना मात्र ती येथून घेऊन जा, एवढेच सांगितले. संतापातही त्याची दृष्टी धूसर झाली नव्हती. जो हल्ला अंधारातून, दुसऱ्यांचे संगणक पुढे करून, कोणाला लागेल याचा विचार न करता केला जातो, त्याला या प्रसंगाचा आधार घेता येत नाही.

आणि कायदा मंद असला तरी तो निकामी नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅकोलो ही कंपनी स्पॅम टोळ्यांना आसरा देते, याचे पुरावे एका पत्रकाराने धीराने गोळा केले आणि तिला इंटरनेटची जोडणी पुरवणाऱ्या कंपन्यांपुढे ठेवले. त्यांनी जोडणी तोडली. एकही हल्ला न होता जगातील स्पॅम त्या दिवशी निम्म्याहून अधिक घटला. काही महिन्यांनी तो पुन्हा वाढला, हेही खरे, कारण विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर. पण मार्ग दिसला. मार्च २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेतील न्यायालयाचा आदेश मिळवला आणि सरकारी अधिकाऱ्यांना बरोबर घेऊन 'रस्टॉक' या मोठ्या स्पॅम जाळ्याचे सर्व्हर जप्त करवले. पुरावा, अधिकार आणि संयम या तीन गोष्टी एकत्र आल्या की जे घडते, ते जमावाच्या धडकांनी घडत नाही.

आपले मन कोणाच्या ताब्यात?

शेवटी एक धोका असा आहे की जो कोणत्याही यंत्राला मोजता येत नाही. परतीचा हल्ला करायचा तर चोराचीच साधने शिकावी लागतात. नाव लपवायचे, दुसऱ्याच्या साधनांचा वापर करायचा, नुकसान पाहून आनंद मानायचा. संत थॉमस सांगतात की, शिक्षा करणाऱ्याचे मन अपराध्याच्या सुधारणेवर वा इतरांच्या रक्षणावर न राहता त्याच्या दुःखातच रमू लागले, तर ते पाप होय. ज्याचा संगणक परक्याच्या ताब्यात जातो, त्याला ते कळत नाही. मनाचेही तसेच आहे. द्वेष हळूच आत शिरतो, आपल्याकरवी आपले काम करून घेतो आणि आपण समजतो की आपण न्याय करत आहोत.

२००२ साली परमधर्मपीठाने इंटरनेटच्या नीतिमत्तेविषयी एक निवेदन प्रसिद्ध केले. इंटरनेट सर्वांच्या हिताची किती सेवा करते हे एकात्मतेच्या गुणावर जोखावे, असा त्याचा आशय होता. आपल्या गावातील बावखलाचे पाणी सर्वांचे. कोणी त्यात घाण टाकली म्हणून त्याला अद्दल घडवण्यासाठी आपण त्यात विष कालवत नाही. इंटरनेटही आता आपल्या सर्वांचे पाणवठा झाले आहे.

मग आपण काय करावे?

करण्यासारखे पुष्कळ आहे. अनोळखी पत्राला उत्तर देऊ नये, त्यातील दुव्यावर बोट ठेवू नये, 'नाव काढा' असेही कळवू नये, कारण त्यावरून आपला पत्ता चालू असल्याचे चोराला समजते. ई-मेलमध्ये स्पॅमची नोंद करण्याची सोय असते, ती वापरावी. आपला संगणक व मोबाइल वेळोवेळी अद्ययावत करावा, म्हणजे तो दुसऱ्याविरुद्ध वापरला जाणार नाही. हीसुद्धा शेजारप्रीतीच आहे. पैशाची फसवणूक झाल्यास लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पहिले काही तास फार मोलाचे असतात.

आणि आपल्या तरुणांना आमची विनंती आहे. तुमचे कौशल्य ही देवाची देणगी आहे. ते हल्ल्यात खर्च करू नका. आपल्या धर्मग्रामात एकटे राहणारे कितीतरी आजी-आजोबा आहेत. त्यांची मुले दूर आहेत आणि मोबाइलवर आलेला प्रत्येक संदेश त्यांना खरा वाटतो. या आठवड्यात अशा एका घरी जा. अर्धा तास बसा. खरे पत्र कोणते आणि खोटे कोणते हे त्यांना समजावून द्या, पासवर्ड बदलून द्या, बँकेचा खरा क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीवर लावा. वैरी रात्री निदण पेरतो तेव्हा लोक झोपलेले असतात, असे दाखला सांगतो. चोराचे शेत जाळायला धावण्यापेक्षा आपल्या शेतात जागे राहणारे कोणी असेल, तर त्या गव्हाला पुष्कळ आधार होईल.